बारा चौकोन, एक शेळी

आष्टीकडच्या एका वस्तीवरच्या भागवत गुरुजींना आदर्श ऑनलाइन शाळेचं बक्षीस पायजेच होतं. "पोरं आपापल्या घरून एकमेकांना शिकवत्यात," असं त्यांनी छातीठोक लिहून दिलतं. म्हणून तपासणीला शिक्षण खात्याच्या साहेबांनी थेट व्हिडिओ कॉल लावला. बारा पोरं, पडद्यावर त्यांचे बारा चौकोन, गणित रंगात आलं. तेवढ्यात योगिताच्या चौकोनात शेळी घुसली, तिथून बिभीषणच्या चौकोनात गेली आणि सायलीची वही तोंडात धरून गुरुजींच्याच चौकोनातून पळाली.

"गुरुजी, सगळे एकाच पारावर बसलात का?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींच्या आधी सायलीच बोलली, "व्हय साहेब, रेंज इथंच हाय."

"मग शाळेत का बसत नाही?"

"शाळेला कुलूप हाय साहेब. आता ऑनलाइन हाय न्हवं!"

बक्षीस तरीबी मिळालं. सगळी पोरं हजर असलेला साहेबांना तेवढाच एक वर्ग घावला होता.