पुढचं चाक

चष्मेवाला बाजारात निघाला की ती एक मोहीमच असायची. पोस्टात पार्सल टाकायचं, काचांचं खोकं सोडवून आणायचं, येताना किराणा, अशी तीन-चार कामं असायची, पण प्रत्येक ठिकाणी कामापेक्षा जास्त वेळ सायकल लावण्यात जायचा. आधी खांब शोधायचा. कुंपणाची जाळी चालायची नाही, झाड चालायचं नाही. खांबच हवा, तोही जमिनीत पक्का रोवलेला; हलवून बघायचा तो. मग जाड साखळी मागच्या चाकातून, सांगाड्यातून घेऊन खांबाभोवती आवळायची. पुढच्या चाकाला वेगळं कुलूप. सीट उपसून पिशवीत, पंप काखेत, दिवा खिशात. असा जामानिमा सांभाळत तो पोस्टाच्या रांगेत उभा राहिला की पुढचा माणूस मागे वळून बघायचाच.

बाजारात त्याचं नाव पडलं होतं कुलूपवाले. किराणावाला तर रोजच त्याची फिरकी घ्यायचा. "काय हो कुलूपवाले, आज हँडल तेवढं ठेवलंत? आमच्यासारख्या गरजूंची सोय म्हणून?" चष्मेवाला कसनुसं हसायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एकदा तरी या माणसानं मला असं जपलंय का? मला खुशाल भाजीवाल्यापाशी विसरून येतील, पण सायकलचा पंप विसरायचे नाहीत."

एक गोष्ट मात्र कुणाच्या नजरेत आली नव्हती. काम संपवून परत आल्यावर चष्मेवाला कुलपांकडे आधी बघतच नसे. तो उकिडवा बसायचा आणि पुढच्या चाकाचे दोन्ही नट बोटांनी चाचपायचा, डॉक्टर नाडी बघतात तसे. मग खिशातून छोटा पाना काढून, गरज असो नसो, दोन्हीवर एकेक पिळा द्यायचा. आणि आजूबाजूला कुणी नसेल तर शेजारी लावलेल्या परक्या सायकलींचे नटही.

तो तिथेच पकडला गेला.

पोस्टाबाहेर एक निळी सायकल उभी होती. कुलूप मागच्या चाकाला, ठीकठाक. पण पुढच्या चाकाचा डावा नट बोटांनीच फिरत होता. चष्मेवाल्यानं पाना काढला आणि बसकण मारली. इतक्यात वरून आवाज आला, "ए! काय चाललंय?"

सायकलची मालकीण हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभी होती. शाळेतली बाई असावी, आवाज वर्गातला होता. "पानाबिना घेऊन बसलाय! चोर! अहो, धरा याला!"

बघता बघता वीस माणसं जमली. एकानं चष्मेवाल्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं पिशवी उलटी केली. पिशवीतून सीट बाहेर पडली, मागोमाग काखेतला पंप आणि खिशातला दिवा. मग काय, मुद्देमालच सापडला.

"माझीच आहे... माझ्याच सायकलची," चष्मेवाला पुटपुटला.

तेवढ्यात किराणावाला गर्दीत घुसला. "अरे सोडा! हे आपले कुलूपवाले! हे कुणाचं चोरतील? स्वतःची सायकल सांभाळता सांभाळता अर्धे झालेत बिचारे!" लोक हसले. कॉलर सुटली. कुणीतरी सीट झटकून हातात दिली.

शाळेतल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाकून डावा नट फिरवून बघितला. तो खरोखरच सैल होता.

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. आता आवाज वर्गातला नव्हता.

"मी बघतो," चष्मेवाला म्हणाला.

"कुणाच्या सायकली?"

"सगळ्यांच्या."

बाईंनी निळ्या सायकलचं हँडल धरलं. "माझं काय झालं असतं हो?"

चष्मेवाल्यानं खाली बसून डावा नट आवळला. त्या बाईंचं काय झालं असतं हे त्या रस्त्यावर त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. तो सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेला.

बातमी त्याच्या आधीच घरी पोहोचली होती. बायको दारातच उभी होती. तिनं थट्टा केली नाही. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं तिनं बघितलं, आणि पाणी आणून दिलं.

"अहो, आता तरी सांगा," ती म्हणाली. "भांड्यावरचं झाकण खाली पडलं तरी तुम्ही पांढरेफटक पडता. चढावरच्या रस्त्यानं दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला तुम्ही अख्ख्या गावाला वळसा घालता. मी विचारलं नाही इतकी वर्षं. आज विचारते."

मग त्यानं सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी तो तेवीसचा होता. काम नव्हतं, संगत वाईट होती. दवाखाने, वाचनालयं, पोस्ट, अशा ठिकाणी माणूस आत गेला की सायकलचं जे हाताला लागेल ते काढायचं. दिवा, सीट, डायनामो. चाक मिळालं तर उत्तमच. त्या दिवशी चढावरच्या दवाखान्यापाशी एक काळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. कुलूप होतं मागच्या चाकाला. पुढचं मोकळं. त्यानं उजवा नट काढून खिशात टाकला, डावा जवळजवळ शेवटापर्यंत आणला, आणि दवाखान्याचं दार वाजलं. तो कोपऱ्यावरच्या खांबाआड झाला. पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई आली, औषधांची पिशवी हँडलला अडकवली, आणि घाईघाईनं निघाली. उतारावरून.

"मी हाक मारू शकलो असतो," चष्मेवाला म्हणाला. "तीन हाका मारण्याइतका वेळ होता, अगं. मी मोजलाय. तेव्हापासून रोज मोजतोय."

"मग?"

"चाक निघालं. ती तोंडावर पडली. आणि चाक एकटंच पुढे गेलं, पार खालच्या वळणापर्यंत. तिथे ते आडवं झालं आणि गिरक्या घेत राहिलं. थाळी पडल्यावर घुमत घुमत थांबते ना, तसं. रस्त्यावर दुसरा आवाजच नव्हता. ती ओरडलीसुद्धा नाही. मी पळालो. नट गटारात टाकला. ती जगली की गेली, मला माहीत नाही."

त्याला वाटलं, ही आता उठून माहेरी जाईल. ती उठली खरी, पण तिनं पायांत चपला सरकवल्या.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"चढावर. एकतीस वर्षं तुम्ही अर्धीच गोष्ट घेऊन जगलात, आणि शेजारी मी. उरलेली अर्धी बघून येऊ."

चढ तोच होता. दवाखान्याच्या जागी आता कागदाचं दुकान होतं. कोपऱ्यावरचा खांब गंजला होता पण उभा होता, आणि तिथून जाताना चष्मेवाल्यानं तिकडे पाहिलं नाही. खांबाआडून कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि तो तेवीस वर्षांचा आहे, असं त्याला पक्कं वाटत होतं.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला बायकोनंच विचारलं. इथे दवाखान्यात फार पूर्वी एक बाई होत्या, सायकलवरून पडल्या होत्या...

"कंपाउंडरबाई?" इस्त्रीवाला म्हणाला. "गेल्या की हो. झाली चार वर्षं. म्हाताऱ्याच होत आल्या होत्या, तापाचं निमित्त झालं. भाऊ-बहीण राहतात ना त्यांची. तो हिरवा दरवाजा."

चार वर्षं. म्हणजे ती जगली होती. सत्तावीस वर्षं ती बाई या रस्त्यावर चालत होती, भाजी घेत होती, आणि चष्मेवाला गावाला वळसा घालत होता.

हिरवा दरवाजा धाकट्या भावानं उघडला. साठीचा, विटका स्वेटर घातलेला माणूस. ओळखीचे असतील समजून त्यानं दोघांना आत बसवलं. "ताईंच्या दवाखान्यातले का तुम्ही? अजून येतं कुणी कुणी. तिच्यासारखा औषधाला हात नव्हता म्हणतात, पण तिनं मधेच काम सोडलं."

"काम का सोडलं?" बायकोनं विचारलं.

"पडली ना सायकलवरून. जबडा मोडला, तो जुळला. हाताला तर खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तिच्या मनानं घेतलं." भावानं चष्मा काढून पुसला. "आदल्या संध्याकाळी पंक्चर झालं होतं. पुढचं चाक तिनं स्वतःच काढलं, स्वतःच बसवलं. मोठी ताई ओरडत होती, दुकानात दे म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी हे असं. ती म्हणायची, ज्या हाताला साधा नट आवळता येत नाही त्या हातानं मी लोकांना औषध मोजून देऊ? पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. घराला कुलूप लावलं की चारदा मागे येऊन ओढून बघायची. गॅस मी बंद करायचा, दार मी लावायचं. स्वतःच्या हाताकडे बघत बसायची कधीकधी. असा समोर धरून."

चष्मेवाल्यानं आपले हात गुडघ्यांखाली दडपले. त्याला वाटलं होतं, तिनं आयुष्यभर शिव्याशाप दिले असतील चोराला. तेवढे तरी दिले असतील. पण तिला चोर ठाऊकच नव्हता.

"तो नट मी काढला होता," तो म्हणाला.

भावाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बाहेर इस्त्रीवाल्याचा कोळसा तडतडत होता. बायकोनं चष्मेवाल्याचा दंड धरून ठेवला होता. आधाराला की पळून जाऊ नये म्हणून, कोण जाणे.

"तुम्हाला हाकलून द्यावं असं वाटतंय मला," भाऊ शेवटी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "पण मला सांगून काय उपयोग? मी तिला कधी दोष दिला नाही. आत चला. मोठ्या ताईला सांगा."

आतल्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर ऐंशीच्या पुढची म्हातारी उशांना टेकून बसली होती. दुसरी भिंतीकडेची, रिकामी, पण तिच्यावर स्वच्छ चादर होती आणि उशाशी घडी घातलेली शाल.

"हिला ऐकू कमी येतं," भाऊ म्हणाला. "मोठ्यानं बोला."

चष्मेवाल्यानं सांगितलं. म्हातारीनं कान पुढे केला. "काय?" त्यानं परत सांगितलं. "कुठला नट?" मग त्याला ओरडावं लागलं. जी गोष्ट त्यानं एकतीस वर्षं बायकोच्या कानातसुद्धा सांगितली नव्हती ती तो आता घसा ताणून ओरडत होता, "तुमच्या बहिणीच्या सायकलचा नट मी काढला! चोरी करायला! मी बघत होतो, मी हाक मारली नाही!" शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज आला. उघडू दे.

म्हातारीचा चेहरा हलला नाही. तिनं भावाकडे पाहिलं. "म्हणजे तिनं नीट आवळला होता?"

"हो ताई."

"दोन्ही?" हे तिनं चष्मेवाल्याला विचारलं.

"दोन्ही!" तो ओरडला, आणि तेव्हाच त्याला ते आठवलं, इतक्या वर्षांत एकदाही न आठवलेलं. "इतके घट्ट होते की पाना दोन्ही हातांनी धरावा लागला! पाय भिंतीला लावून जोर केला मी!"

"घट्ट होते," म्हातारी म्हणाली. मग ती हळूहळू, कुणाला उद्देशून न बोलता, बोलू लागली. "मी तिला फार बोलले हो. जेवताना, येताजाता. वेंधळी म्हटलं, हातात जीव नाही म्हटलं. शेवटच्या दुखण्यात तिनं औषधाचा चमचा मागितला, मीच घेते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, सांडशील. मीच पाजलं. तिनं तोंड उघडलं नुसतं."

भाऊ म्हणाला, "ताई, पुरे आता."

पण म्हातारीनं मान वळवली होती. ती भिंतीकडच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती, आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलली.

"ऐकलंस का गं?"

आणि ती थांबली. कान पुढे करून, चष्मेवाल्याचं ऐकताना केला होता तसाच. चष्मेवाल्याला तेव्हा त्या खाटेकडे मान वळवण्याचा धीर झाला नाही. चादर सरकल्यासारखं त्याला वाटलं. बायकोला काहीच जाणवलं नाही, असं ती पुढे शपथेवर सांगायची, पण सांगताना जरा घाई करायची.

"परत सांगा," म्हातारी म्हणाली. "तिला नीट ऐकू आलं नाही. किती घट्ट होते?"

त्या दिवशी त्यानं ते सहा वेळा सांगितलं. दिवे लागल्यावर भावानंच त्यांना दारापर्यंत सोडलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि चष्मेवाल्यानंही माफी मागितली नाही. ज्या बाईकडे मागायची तिच्याकडे जायला तो चार वर्षं उशिरा आला होता.

आता तो गावाला वळसा घालत नाही. महिन्यातून एकदा-दोनदा इस्त्रीवाल्याकडून भावाचा निरोप येतो, ताई विचारतेय. मग दुकान बंद करून तो चढ चढतो. म्हातारी वाट बघत असते. कधी एकदा सांगून भागतं. कधी ती भिंतीकडे बघून मान हलवते आणि म्हणते, "नाही म्हणतेय. विश्वास नाही बसत तिचा." त्या दिवशी चष्मेवाल्याला घसा बसेपर्यंत सांगावं लागतं.