मावशींनी गाडी उचलली

रुग्णालयात डॉक्टरांपासून पेशंटच्या नातवंडांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यामुळे त्यांचा नवरा आपोआपच सगळ्यांचा काका झाला, आणि तेही त्याच्या अंगवळणी पडलं. सत्तावीस वर्षं मावशींनी वॉर्डात एकच काम केलं, माणसं उचलण्याचं. पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून खुर्चीत, खुर्चीतून पुन्हा पलंगावर. इतक्या वर्षांत हातून एक पेशंट पडला नाही आणि स्वतःची कंबरही कधी धरली नाही.

म्हणूनच मोठ्या सिस्टरनी बुधवारी त्यांना बोलावलं. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटांकडे जायचं, आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, उठवून कसं बसवायचं, हे घरच्यांना शिकवायचं, असं नवं काम निघालं होतं. सोमवारपासून सुरुवात होती.

"पण गाडी स्वतःची लागेल, मावशी. आहे ना?"

"आहे की," मावशी म्हणाल्या.

गाडी होती, पण मागच्या शेडमध्ये दोन वर्षं एका जागी उभी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी बसने जायला लागल्या, गुडघा बरा झाला तरी तीच सवय राहिली आणि त्यांची मोटरसायकल तिथेच राहिली. काका दर रविवारी न चुकता किक मारत, त्यामुळे इंजिन ठणठणीत होतं. टायर मात्र उभ्या उभ्या गेले होते. भेगांमध्ये नख जाईल इतके.

गॅरेजवाला नेमका आठवडाभर बाहेरगावी. टायरवाल्याने फोनवर स्पष्टच सांगितलं, "दोन्ही चाकं सुटी घेऊन या, अर्ध्या तासात टायर चढवतो. गाडी खोलायला मी येत नाही. आणि शनिवारी एक वाजता शटर खाली."

गुरुवारी संध्याकाळी काका आणि त्यांचा धाकटा भाऊ कामाला लागले. या दिराला घरात इंजिनिअर म्हणत, कारण त्याने एकदा मिक्सर खोलला होता. मिक्सर परत जोडला गेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मावशी ड्यूटीवरून आल्या तेव्हा इंजिनिअर इंजिनाखाली विटा रचत होता.

"भावजी, विटा कशाला?"

"तुम्ही चहा टाका, वहिनी. पाच मिनिटांचं काम आहे."

चहा उकळायच्या आत धाडकन आवाज झाला. वीट फुटली, गाडी कलंडली, आरसा गेला आणि काकांच्या उजव्या पायाचा अंगठा हँडलखाली सापडला. हाड वाचलं, पण अंगठा वांग्यासारखा टम्म झाला. मावशींनी पट्टी बांधली. रागवावं तर काकांचा चेहराच पार पडला होता.

"सिस्टरना फोन कर," काका म्हणाले. "सांग, गाडीचं जमत नाही."

मावशींनी फोन केला नाही. त्या शेडमध्ये जाऊन आडव्या झालेल्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. दोन माणसांनी मिळून एका अवजड पेशंटला चुकीच्या जागी धरलं होतं, एवढंच त्यांना त्यात दिसलं.

शुक्रवारी दुपारी ड्यूटी संपवून येताना त्यांनी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून माल आवळायचे चार जाड पट्टे आणि एक जॅक आणला. सुताराकडून लाकडी ठोकळे आणले. काकांना पाय वर ठेवून खुर्चीत बसवलं आणि दिराला हाताशी घेतलं.

"आता मी सांगेन तेव्हाच हात लावायचा," त्या म्हणाल्या. "मधे डोकं चालवायचं नाही."

"माझं डोकं कालच चालून झालंय, वहिनी."

दोघांनी गाडी सपाट फरशीवर आणून मेन स्टँडवर घेतली. मागचं चाक अधांतरी झालं. शेडच्या छताला लोखंडी गर्डर होता. त्यावरून दोन पट्टे सोडून मावशींनी पुढे हँडलच्या खाली डावी-उजवीकडे बांधले, दोन मागे सीटखालच्या चौकटीला.

"जॅक उचलणार आहे, मग हे पट्टे कशाला?" दिराने विचारलं.

"जॅक उचलेल. पट्टे पडू देणार नाहीत. पुढचं चाक काढलं की सगळा भार मागे जाणार, मागचं काढलं की पुढे. तेव्हा तुम्ही आणि मी धरून थोडेच ठेवणार?"

जॅक त्यांनी इंजिनाच्या मऊ पोटाखाली लावला नाही. चौकटीचे दोन जाड पाइप कुठून जातात ते बोटांनी चाचपलं, तिथे आडवी फळी दिली आणि फळीखाली जॅक. जरा उचलायचं, ठोकळा सारायचा, पट्टा आवळायचा. पुन्हा जरा उचलायचं. पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं तेव्हा दिराने कपाळाचा घाम पुसला. पुढच्या चाकाचा नट मावशींनी आधीच सैल केला होता.

"मागचा?"

"तो मी काल केलाय," दीर म्हणाला.

मावशींनी पाना लावला. नट जागचा हलेना. जोर दिला तशी सगळी गाडी पट्ट्यांमध्ये डुलली. मावशींनी पाना काढून घेतला.

"खाली घ्या."

"काय? वहिनी, दोन तास गेलेत. मी लांब पाइप आणतो, एका झटक्यात..."

"झटक्यात काल काय झालं ते त्या खुर्चीत बसलंय."

काका खुर्चीत हसले. गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

"पेशंट अर्धा उचलला आणि नळी कुठेतरी अडकलेली दिसली," मावशी म्हणाल्या, "तर ओढायचं नसतं. खाली ठेवायचा, नळी सोडवायची, पुन्हा उचलायचा. त्यात कमीपणा कसला?"

सगळं उलट्या क्रमाने सुटलं. गाडी दोन्ही चाकांवर आली. नटावर तेल सोडून ठेवलं. शनिवारी सकाळी काकांनी लंगडत येऊन मागचा ब्रेक हाताने दाबून धरला, दिराने गाडी धरली आणि मावशींनी पान्याला पाइप घालून अंगाचा भार दिला. कट्ट झालं आणि नट फिरला.

दुसऱ्यांदा उचलायला पाऊण तास पुरला. हात आता सरावले होते. चाकांना हात लावण्याआधी मावशींनी हँडल धरून गाडी हलवून पाहिली, मग सीटवर दाब देऊन पाहिला. मग पुढच्या चाकातून जाणारा दांडा ठोकून सरकवला आणि चाक अलगद खाली आलं. मागे ठोकळा वाढवला, साखळी उतरवली, मागचं चाकही आलं.

दोन्ही चाकं भिंतीला टेकली होती आणि त्यांच्याशिवाय गाडी शेडच्या मधोमध उभी होती. दिराने भीत भीत एक बोट लावलं. मग हात लावला. मग खांद्याने रेटलं. गाडी तसूभर हलली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "आजपासून ते इंजिनिअर नाव तुम्ही घ्या."

"नको. माझा मिक्सर चालतो."

साडेअकराला वहिनी-दीर एकेक चाक रस्त्यावरून घरंगळवत टायरवाल्याकडे निघाले. दुकानदारांनी माना वळवून बघितलं. टायरवाल्याने चाकं उलटसुलट केली, दांड्याची जागा, बेअरिंग, सगळं निरखलं आणि दिराला म्हणाला, "काम स्वच्छ केलंय. कुठल्या गॅरेजला असता?"

"मी फक्त पाना दिला," दीर म्हणाला आणि मावशींकडे बोट केलं.

टायरवाल्याने मावशींकडे पाहिलं, आतून स्वतःचं स्टूल आणलं आणि त्यांना बसायला दिलं. स्वतः मात्र उभ्यानेच काम केलं.

चारच्या सुमाराला चाकं जागेवर होती. ठोकळे निघाले, जॅक उतरला, पट्टे सुटले, नट पुरते आवळून दोनदा तपासले. मावशींनी ब्रेक तीन-चार वेळा दाबून बघितले आणि दुसऱ्याच किकला इंजिन धडधडलं.

"बसा," त्या काकांना म्हणाल्या.

"अगं, अंगठा..."

"अंगठ्याने कुठे चालवायचीय? मी चालवतेय."

काका मागे बसले. गल्लीच्या तोंडाशी मावशींनी गिअर बदलला, आणि नव्या टायरांवर गाडी अशी सुसाट निघाली की काकांनी दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली. त्या मोठ्यांदा हसल्या आणि गाडी हमरस्त्याला लावली.