हिरव्या कोपऱ्याचं पायपुसणं

मी पायपुसणं बोलतोय. नाक मुरडू नका! तुमच्याही दारात माझं एखादं भावंड पडलेलं असणारच. माझी गोष्ट ऐका, मग पुढच्या वेळी त्याच्यावर पाय देताना आधी "माफ कर हं" म्हणाल.

माझा जन्म आक्कांच्या बाहेरच्या खोलीत झाला. खोलीत एक हातमाग आणि त्यावर राबणाऱ्या चौघी: आक्का, त्यांच्या जाऊबाई आणि शेजारच्या दोघी बहिणी. त्यातली धाकटी काठी घेऊन चालते, पण विणायला बसली की तिचा हात कुणाला धरवत नाही. शिंप्याकडून कापडाच्या पट्ट्या आणायच्या, पिळायच्या आणि विणायच्या. मी होत आलो आणि नेमकी करडी पट्टी संपली.

"लाव गं ती हिरवी, कोण बघतंय!" जाऊबाई म्हणाल्या.

म्हणून माझा एक कोपरा हिरवागार आहे. मला तर तो भलताच आवडतो!

आक्कांनी सरकारी कामासाठी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच, तीन वर्षांचा अनुभव नाही. आता बघा, कामाशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही! आधी पोहून दाखव, मगच पाण्यात उतर, असला प्रकार. मग एके दिवशी नवं परिपत्रक निघालं. खरेदीतला काही वाटा बायकांच्या आणि अपंगांच्या छोट्या उद्योगांसाठी राखून ठेवला होता. अनुभवाची अट काढली होती, फक्त नमुना द्यायचा. सगळ्या कचेऱ्यांना मिळून सहाशे पायपुसणी हवी होती.

दीर हसले. "वहिनी, सरकारी काम ते! चपला झिजतील."

"झिजल्या तर झिजल्या, भावोजी. पाय पुसायची सोय घरचीच आहे!"

सगळ्या खो खो हसल्या. पण या वेळीही जमलं नाही तर माग मोडीत काढायचा, हे आक्कांनी मनाशी ठरवलं होतं. मग त्यांनी मला गुंडाळायला घेतलं.

नमुना म्हणून मी खरेदीच्या कचेरीत निघालो. काय ती ऐट! बाकीचे नमुने चकचकीत प्लॅस्टिकमध्ये आलेले. मी जुन्या वर्तमानपत्रात, वर सुतळी आणि नावाची चिठ्ठी. आक्का पोच घेऊन गेल्या. दुपारी तिथल्या शिपाईमामांनी सुतळी सोडली आणि ते टाळ्याच वाजवायला लागले.

"आलं बाई एकदाचं! खरेदीच्या मॅडमच्या दाराला पायपुसणं द्या म्हणून तीन वर्षं कोकलतोय!"

चिठ्ठी गेली केराच्या टोपलीत आणि मी दारात. सहाशे पायपुसणी घ्यायला निघालेल्या कचेरीत स्वतःचं एकही नव्हतं, बोला!

समोरचा रस्ता खणलेला, त्यामुळे चिखलाला तोटा नाही. वीस दिवस मला नुसत्या गुदगुल्या! अर्ज घेऊन येणारे तीन-तीनदा पाय पुसतात. सही करणारे एकदाच पुसतात. काम झालेले तर मला ओलांडून उड्या मारत जातात.

मग निवडीचा दिवस उजाडला. आक्का आणि धाकटी दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी कपाट उघडायला लावलं.

"पोच आहे, पण तुमचा नमुना सापडत नाही. नमुना नाही म्हणजे अर्ज बाद."

मी ओरडत होतो, "अहो, मी इथे आहे!" पण पायपुसण्याचं ऐकतं कोण? आक्कांचा चेहरा पार उतरला. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली. पायाखाली, चिखलातून, हिरवा कोपरा!

"अगं बाई! मॅडम, नमुना नाही कसा? तुम्ही सगळे त्याच्यावरूनच आत आलात की!"

शिपाईमामांनी जीभ चावली. धाकटीनं मला कठड्यावर टाकलं आणि काठीनं असे रट्टे दिले, की धुळीनं अख्खी कचेरी शिंकायला लागली. मॅडमनी मला उलटसुलट पाहिलं. एकही धागा सुटला नव्हता.

"न्याय म्हणजे न्याय," त्या म्हणाल्या. "बाकीचेही वीस दिवस दारात टाका."

एक चौथ्याच दिवशी उसवलं. दुसऱ्यानं खुद्द मॅडमना घसरवलं. बाकीचीही वीस दिवसांत विरली, आणि काम आक्कांना मिळालं! पत्रात लिहिलं होतं, सगळा माल हुबेहूब नमुन्यासारखा हवा. म्हणजे सहाशेच्या सहाशे पायपुसण्यांना हिरवा कोपरा! जाऊबाई कपाळावर हात मारून हसत सुटल्या. मोडीत निघणारा माग आता दिवसभर खटखटतोय.

आणि मी? मंजूर नमुना म्हणून लाखेचा शिक्का मारून मला मॅडमच्या कपाटात ठेवलंय. माल आला की मला बाहेर काढून नव्या पायपुसण्यांशेजारी ठेवतात आणि आक्का हळूच माझ्यावरून हात फिरवतात. एरवी अंधार. एक पाय लागत नाही हो! मान मोठा, पण गुदगुल्या नाहीत.

म्हणून एक विनवणी आहे. कुठल्या दारात हिरवा कोपरा दिसला तर संकोच करू नका, घसघसून पाय पुसा. आम्ही झिजलो तर झिजलो. आक्कांचा माग चालू आहे!