शेवटच्या मुखपृष्ठावरचा चेहरा

आमच्या घरात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो राक्षसांनी, आणि त्यांच्याखालोखाल मी. राक्षसांचं बरं होतं, त्यांना दुखत नव्हतं. मी अद्भुत कादंबऱ्यांची मुखपृष्ठं काढते. उडालेली मुंडकी, पंख फाटलेले ड्रॅगन, पोटात भाला घुसलेले सरदार, हे माझं रोजचं काम. आणि या सगळ्यांना कापत सुटलेला जो देखणा योद्धा आहे ना, तो माझा नवरा.

म्हणजे मॉडेल. पहिल्या पुस्तकाच्या वेळी नवं लग्न होतं. त्याच्या हातात लाकडी तलवार दिली, खुर्चीवर उभा केला, फोटो काढले आणि तिथेच फसले. मालिकेत योद्धा एकच, तेव्हा चेहराही शेवटपर्यंत एकच हवा, असं प्रकाशकबाईंनी करारातच घातलं. पुढे त्याने एकदा माझं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याचे डोळे शांत, दयाळू असे रंगवले. थापा रंगवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

स्वारी मात्र फुशारली होती. पाहुणा आला की त्याला आधी पुस्तकं दाखवायची, मग पाणी द्यायचं. एका वाचकाने याची सही घेतली, त्या दिवसापासून तर पाय जमिनीला लागेनात.

गेल्या महिन्यात त्याने माझं उजवं मनगट पिरगळलं. हाताला ब्रश धरवेना, तेव्हा ताईने फर्मान काढलं, "बास झालं. तो फिरतीवर गेला की सामान उचलायचं."

तो गेला आणि सकाळीच ताई आणि भाऊजी टेम्पो घेऊन हजर झाले. घर हलवणं म्हणजे काय गोंधळ! ताईने कुकरमध्ये माझे ब्रश कोंबले. मी एका खोक्यावर 'मुंडकी, जपून' असं लिहिलं होतं. आत सरावासाठीची प्लास्टरची डोकी होती, पण हमालाने ती अक्षरं वाचली आणि तो हात जोडून खाली जाऊन उभा राहिला. मग गादी जिन्याच्या वळणावर अडकली आणि तिच्याखाली भाऊजी. वरून ताई ढकलत होती, खालून भाऊजी तिच्या माहेराचा उद्धार करत होते.

वर फक्त एक चित्र उरलं होतं, मालिकेतल्या शेवटच्या पुस्तकाचं. तैलरंग ओला असला की चित्र गुंडाळता येत नाही, खोक्यात घालता येत नाही, त्याला कशाचा स्पर्शही चालत नाही. ते सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांनी कडा धरून न्यावं लागतं. रणांगण झालं होतं, प्रेतांचा ढीग झाला होता. योद्ध्याच्या चेहऱ्याची जागा तेवढी कोरी होती. माझ्याच्याने तो काढवत नव्हता.

"मरू दे ते चित्र!" ताई जिन्यातून ओरडली.

"उद्या द्यायचंय. ते मेलं तर मी खाऊ काय?" म्हणत मी एकटीच वर गेले.

मी कॅनव्हासला हात लावणार, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. घरात चोर शिरलेत, असा शेजाऱ्याने त्याला फोन केला होता आणि तो अर्ध्या वाटेतून परतला होता. तो आत आला, त्याने रिकाम्या भिंती पाहिल्या आणि शांतपणे आतून कडी घातली.

पहिल्या थपडेत मी पडले. त्याने वेणी धरून मला उठवलं आणि पुन्हा खाली आपटलं. बरगडीत लाथ बसली, तोंडात रक्ताची चव आली. मला ओरडायचं होतं, पण श्वासच मिळत नव्हता. मी त्याच्या पोटरीला चावले, चांगली कचकचून. त्याने माझं तोंड फरशीवर दाबलं. आणि मग एकदम सोडलं. त्याला चित्र दिसलं होतं.

"माझं तोंड कुठंय?"

मी उठायला फरशीवर कोपर टेकलं.

"कुणाचं काढणार होतीस? कोण आहे तो?"

बायको घर सोडून चालली होती, त्याचं एवढं नाही. पण तोंड गाळलं, हे त्याच्या वर्मी लागलं. चिकटपट्टी कापायचा कटर जमिनीवर पडला होता, तो त्याने उचलला आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर टेकवला.

"काढ. माझं तोंड काढ, मग जिकडे मरायचं तिकडे मर."

बाहेर ताई दारावर धडका देत होती. "दार तोडलंत तर हिची बोटं छाटीन!" तो ओरडला.

"ताई, थांब!" मीही ओरडले. "काम करतेय मी!"

रंगांचा डबा माझ्या पिशवीत होता, एक ब्रशही होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो खिडकीपाशी उभा राहिला, हातात कटर.

"हनुवटी जरा वर," सवयीने माझ्या तोंडून गेलं. आणि त्याने केली की वर!

थापा मारायला माझ्याकडे वेळ नव्हता. जे समोर दिसलं ते काढलं. मानेवर टरारलेली शीर, वर चढलेला ओठ आणि खाली ओला दात, नाकावरचा घाम. डोळे तर असे की, माणूस समोरच्याला बघतोय ते फक्त कुठे मारायचं हे ठरवायला. मनगट ठणकत होतं तरी हात चालत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला नीट पाहिलं.

"झालं," मी म्हणाले. आता हा मला जिवंत सोडत नाही, असंच वाटत होतं.

तो चित्रासमोर येऊन उभा राहिला. मान तिरकी करून त्याने पाहिलं, मग मागे सरून पुन्हा पाहिलं.

"हं. आत्ता जमलं," तो म्हणाला. "आजवर उगाच मऊ काढायचीस मला. हा खरा मी."

आणि त्याने स्वतः कडी काढली.

भाऊजींनी आत शिरताच त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. कटर खाली पडला. एक गुद्दा तोंडावर, एक पोटात. भाऊजी इतकी वर्षं वाट पाहत असावेत. तो खाली बसला आणि फुटक्या ओठांनी ओरडला, "अरे, चित्राला लागेल!"

टेम्पोत ताईने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं. मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या कॅनव्हासवर गेली आणि तिचा हात थांबला.

"असा दिसतो तो?"

"हो. घरात असाच."

"नव्या घरी ना?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. आधी पोलिसांकडे."

चौकीतल्या साहेबांनी माझ्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बाई, नवरा-बायकोत होतं असं कधीमधी. समजावून सांगू त्याला. एवढं काय मनावर घ्यायचं?"

मी कॅनव्हास टेबलावर उभा केला आणि त्यांच्याकडे फिरवला.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी टोपी उचलली.

"हा माणूस आत्ता कुठे आहे?"