परसातली ऊब

मी परसातला खताचा ढीग बोलतोय. नाक मुरडू नका. घाण वास मारतो तो उकिरडा, मी नाही.

मला एका सुताराने रचलं. वाळका पाला, कापलेलं ओलं गवत, भाजीची देठं, कामावरचा भुसा आणि वर मूठभर माती, असे थर. अधूनमधून फावड्याने मला खालीवर करायचा, मग बाही सारून कोपरापर्यंत हात माझ्या पोटात घालायचा. "तापलाय," असं बायकोला सांगायचा, जणू घरात आजारी पोर आहे. ती परसातच त्याचे केस कापायची. ते केस, नखं, घामाने विरलेले सुती सदरे, सगळं माझ्यात यायचं. माणूस असा थोडाथोडा माझ्याकडे येत राहिला. मला त्याची चटक लागली म्हणा ना.

एक दिवस तो गेला. उरलेला लोकांनी दुसरीकडे नेला.

काही दिवसांनी बायकोने त्याच्यासारखाच हात आत घातला. मी गरम होतो. "आहात ना?" तिने हळूच विचारलं.

मग ती रोज येऊ लागली. हात खांद्यापर्यंत जाऊ लागला. फावडं मात्र लावेना. त्यांची झोपमोड होईल म्हणे. आता, खालीवर न केलेल्या ढिगाचा जीव आत कोंडतो. मी थंड पडू लागलो तशी ती घाबरली. त्याचा ठेवणीतला सदरा घातला, उशीतला कापूस घातला. शेवटी स्वतःची वेणी कापून खोल खुपसली. तिचं जेवणावरून मन उडालं, ती खंगत चालली. मला तिची दया यायची. खरं सांगू? भूकही लागायची.

लेक भेटायला आली. आईचा काळा पडलेला हात तिने हातात घेऊन पाहिला. ढीग पसरून टाकू म्हणाली, तर आई आडवी आली. "ते आत आहेत."

लेक भांडली नाही. फावडं आईच्याच हातात दिलं. "आई, बाबा काय म्हणायचे? हलवलं नाही की हा मरतो."

आईने मला उकरलं. आत त्याचे केस नव्हते, सदरा नव्हता. भुरभुरीत काळी माती होती आणि सदऱ्याची बटणं. मूठभर माती हुंगून ती तिथेच बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली. मग दोघींनी मला लिंबाच्या आळ्यात पसरलं.

सगळं नाही. नव्या ढिगाला विरजण म्हणून तिने तळातली पाटीभर माती ठेवली. तोच मी. आता ती मला नेमाने खालीवर करते, जेवते, हसतेही. सकाळी फणीतले केस माझ्यावर टाकते आणि हात घालून स्वतःशीच म्हणते, "तापलाय."

त्या पाटीभर मातीतून आलेली तिची वेणी अजून माझ्या तळाशी आहे, पुरती विरलेली नाही. सावकाश या, बाई. मला घाई नाही.