हळू दाबलं की

चढावर गाड्यांची रांग थांबली होती. तिने डाव्या पायातली चप्पल सरकवून काढली, अंगठा क्लचच्या पेडलखाली घातला आणि ते वर उचललं. पेडल आलं, पण त्यात जीव नव्हता. गिअर पडेना. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढायलाच तयार नव्हता. तिने काच खाली करून ‘पुढे जा’ म्हणून हात हलवला, घाबरून पेडल पुन्हा पुन्हा दाबलं, आणि अचानक ते ताठ लागलं. जणू काही झालंच नव्हतं.

घरोघर जाऊन रुग्णांना व्यायाम द्यायचं तिचं काम होतं. लुळे पडलेले हात, शस्त्रक्रिया झालेले गुडघे, घोटे. गाडीवाचून भागत नव्हतं आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती. ही गाडी एका वयस्कर काकूंची. व्यवहार सगळा त्यांच्या मुलाने केला. काकू दाराच्या आतच उभ्या होत्या. किल्ली देताना एवढंच म्हणाल्या,

“चढावर जपून हं.”

“आईची सवय सुटलीय,” मुलगा घाईघाईने म्हणाला. “गाडीत खोट काही नाही.”

पेडल रोज दगा देत नसे, हेच वाईट होतं. रोज दिला असता तर त्याला दुखणं म्हणता आलं असतं. आठवडाभर गाडी गरीब गाईसारखी चालायची. मग एखाद्या चढावर, पाय दाबून वाट पाहत बसलेलं असताना, पेडल तळव्याखालून अलगद खाली निघून जायचं. आवाज नाही, धक्का नाही. पलीकडून कुणीतरी इतका वेळ धरलेला हात सोडावा, तसं. गाडी पुढे उसळी घेऊन बंद पडायची. अशा वेळी तिला का कोण जाणे, मागच्या सीटकडे बघावंसं वाटायचं नाही. शेवटी तिने आतला आरसा थोडा तिरका करून टाकला आणि बाजूच्या आरशांवर भागवू लागली. रिकाम्या सीटला घाबरायचं म्हणजे कमालच, असं स्वतःला बजावत.

मेकॅनिकने गाडी ठेवून घेतली. तेलाची पातळी पाहिली, नळ्या चाचपल्या, खाली पुठ्ठा अंथरून पाहिलं. पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

“ताई, डॉक्टरसमोर बसलं की ताप उतरतो ना, तसं आहे हिचं,” तो हात पुसत म्हणाला. “नाहीतर मग तुमचा पाय.”

“पाय हा माझा धंदा आहे. पायाचं मला सांगू नका. बसा गाडीत.”

भर दुपारी, रहदारीच्या वेळी, दोघं त्याच चढावर जाऊन थांबली. चालवत तो होता. पेडल छान वर येत होतं, छान खाली जात होतं. तो हसायच्या बेतात होता, पण ती त्याच्या पायाकडे बघत होती.

“तुम्ही लाथ घातल्यासारखं दाबता,” ती म्हणाली. “मी तसं नाही दाबत. हळू दाबा. आणि धरून ठेवा.”

त्याने हळू दाबलं आणि धरून ठेवलं. पुढची गाडी सरकली, पुन्हा थांबली. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पेडल त्याच्या बुटाखाली बुडत चाललं होतं.

“आईशप्पथ,” तो हळूच म्हणाला.

गॅरेजमध्ये त्याने क्लचच्या पेडलला जोडलेला तेलाचा पंप उघडून तिला दाखवला. आतलं रबर झिजलेलं होतं. जोरात दाबलं की ते धरायचं. हळू दाबून ठेवलं की तेल त्याच्या कडेने आतल्या आत निसटायचं. म्हणून बाहेर थेंब नाही.

“जुनाच आजार आहे. पण दोनदा पटपट दाबलं की लगेच उचलतं. काही लोक गाडी दुरुस्त करत नाहीत हो, स्वतःलाच सवय लावून घेतात.”

नवा पंप बसवून ती थेट काकूंच्या घरी गेली. जाब विचारायचाच होता. काकू एकट्या होत्या. बसा म्हणायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

“पेडल बिघडलेलं होतं, काकू. एखादे दिवशी जिवावर बेतलं असतं माझ्या. सांगायला नको का माणसाने?”

काकू तिच्याकडे पाहत राहिल्या.

“बिघडलेलं? म्हणजे पेडलच?”

“माझ्यासमोर उघडून दाखवलं.”

“मग माझा पाय नव्हता?”

तिचा राग जागच्या जागी विरला. काकू खुर्चीवर टेकल्या. डावं पाऊल पुढे करून त्याच्याकडे बघू लागल्या, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. ती सवयीने खाली बसली, पाऊल हातात घेतलं, तळव्याला हात लावला.

“दाबा. अजून. अजून जोरात. काही झालेलं नाही या पायाला.”

“यांच्या छातीत दुखायला लागलं,” काकू सांगू लागल्या, “तेव्हा मीच गाडी काढली. हे मागे आडवे. चढावर रांग. आणि पेडल गेलं ते गेलंच. मी आपली तशीच दाबून धरून बसले, रडत. गिअर काही पडेना. लोकांनी यांना दुसऱ्या गाडीत घातलं, पण उशीर झाला. मुलगा म्हणाला, आई, घाबरलीस तू, पाय लटपटला तुझा. मलाही तेच वाटलं. यांच्या हातात कधी बंद पडली नव्हती ना.”

ती तळवा चोळत होती.

“आणि मागून हे सारखं म्हणत होते, दोन, दोन. काय दोन? गोळ्या का, विचारलं. तर पुन्हा दोनच. मुलगा म्हणतो, वात झाला असेल.”

तळव्यावर फिरणारी तिची बोटं थांबली.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही.”

“मेकॅनिक आणखी काही म्हणाला?”

“नाही.”

काकू पुढे वाकल्या. पाऊल अजून तिच्या हातातच होतं.

“खोटं बोललात तरी चालेल मला,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं, ते राहू दे. एकच सांगा. ते शुद्धीत होते का?”

तिने पाऊल सावकाश जमिनीवर ठेवलं. तिथेच, खाली बसून राहिली.

“शुद्धीत होते, काकू. तुम्हालाच सांगत होते.”

काकूंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग आतल्या खोलीकडे तोंड वळवून, चांगल्या रागावून म्हणाल्या,

“मग नीट सांगायचं होतं की हो! आयुष्यभर मेलं अर्धंच बोललात.”