वाळवी न लागलेला पाळणा

दीपाने माळ्यावरून पितळी परात खाली दिली. कलाबाईंनी ती मांडीवर घेतली, पदराने पुसली आणि खुर्चीच्या बाजूला ठेवली.

"ही माझ्या भाचीला, भारतीला. तिच्याकडं मानसांचा राबता लई."

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी हे काम काढलं होतं. तिसगावचं अख्खं घर सावेडीतल्या या लहानशा फ्लॅटमध्ये येऊन बसलं होतं. आपल्यामागे सगळं भंगारात जाण्यापेक्षा आपल्या हातानं द्यावं, असं त्यांनी ठरवलं, आणि दर रविवारी सून शिडीवर, सासू खाली, असं सुरू झालं. गोधड्या पुतणीकडे गेल्या. नवऱ्याचा, रंभाजींचा, लोकरीचा कोट सोसायटीच्या वॉचमनला गेला. तो अंगात घालून त्याने फाटकातूनच सलाम ठोकला, तेव्हा कलाबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या होत्या.

माळा रिकामा होत आला. अगदी मागे, जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी होतं. दीपाने ते ओढलं तशी गाठ सुटली आणि लाल-हिरव्या रंगाचा लाकडी खूर बाहेर आला.

"ते ऱ्हाऊ दे," कलाबाई घाईने म्हणाल्या. "सरकव तिथंच. काय खायाला मागतंय का ते?"

तो त्यांच्या मुलाचा, नितीनचा पाळणा होता. नितीन-दीपाचं लग्न झालं त्याच वर्षी कलाबाईंनी तो गावाहून आणून, तेलपाणी करून ठेवला होता. पुढे पुण्याच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या, मग त्या थांबल्या, आणि पाळण्याविषयी घरात कुणी बोलेनासं झालं. शेजारणी मागायला आल्या की कलाबाई सांगत, त्याला वाळवी लागली. आता तो सुनेदेखत देऊन टाकायचा, म्हणजे तुझ्याकडून आशा सुटली असं तिला तोंडावर सांगण्यासारखंच होतं.

दीपाने लुगडं बाजूला केलं. एकेक दांडी हाताने चाचपून पाहिली.

"वाळवी कुठे लागलीय, आई?"

कलाबाई पुसलेली परात पुन्हा पुसू लागल्या.

"आमच्या शाळेच्या ऑफिसात मोनिका आहे ना, तिला सातवा लागलाय. तिला देऊ या?"

"नितीनला इचारायला नको व्हय?"

"विचारलंय. मागच्या दिवाळीतच." दीपा शिडीच्या पायरीवर टेकली. "ते म्हणाले, द्यायला काहीच हरकत नाही, पण आईला कसं सांगायचं? ती अजून वाट बघतेय."

कलाबाईंचा हात थांबला.

"मी? मला वाटायचं, तुमीच..."

"आम्ही कधीच सोडून दिलं, आई."

परातीबद्दल बोलावं तितक्याच साध्या आवाजात ती हे बोलली. कलाबाईंनी परात खाली ठेवली. मग दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "दे खाली. पुसावा लागंल."

दुपारी मोनिकाचा नवरा गोरक्षनाथ टेम्पो घेऊन आला. तोवर दोघींनी पाळणा जोडून पाहिला होता. एक कडी कुरकुरत होती, तिला कलाबाईंनी खोबरेल लावलं. गोरक्षनाथने तो जपून टेम्पोत आडवा केला आणि दोरी आवळली.

"बाळ चालाया लागलं की आनून देतो, आजी."

"आनू नका. तुमचं झालं की ज्याला लागंल त्याला द्या."

"बरं. पन बारशाला यायचं बरं का. मोनिकानं बजावून सांगितलंय."

असल्या बोलावण्यांना कलाबाई नेहमी एकट्याच जात. दीपाला शाळा आहे, दीपाचं डोकं दुखतंय, असं काहीबाही तिकडे सांगत. घरी तिला कळूही देत नसत. आत्ताही शाळेचं कारण त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि मागे वळून पाहिलं. दीपा जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातांची धूळ झटकत.

"येतीस का गं?" त्यांनी विचारलं.

"येते की," दीपा म्हणाली. "कुंची मी शिवीन."